परतीची जागा : पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतील आवृत्तिबदल-विवेचनाचे परीक्षण

१

डेटाबेस-प्रणालींच्या अधिकृत मार्गदर्शिका हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. वाचक त्यांच्याकडे अडचणीच्या वेळी वळतो, हवी ती आज्ञा उतरवून घेतो आणि ग्रंथ मिटवून ठेवतो. त्यामुळे विवेचनाची मांडणी कोणत्या दृष्टीने झाली आहे, कोणत्या गोष्टीला अग्रस्थान मिळाले आहे व कोणती एखाद्या उपवाक्यात उरकली गेली आहे, याचा विचार होत नाही. वस्तुतः या ग्रंथांवर विसंबून विद्यापीठे, रुग्णालये व पेढ्या आपल्या नोंदींचे रक्षण करीत असतात. ज्या लेखनाच्या एका वाक्याच्या जागेवरून एखाद्या संस्थेच्या नोंदी तरतात किंवा बुडतात, ते लेखन परीक्षणास पात्र नाही असे कसे म्हणावे?

पोस्टग्रेस ही प्रणाली तिच्या मार्गदर्शिकेच्या सुबोधतेसाठी विशेष नावाजली गेली आहे. या प्रणालीची नवी मुख्य आवृत्ती साधारणतः दरवर्षी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे पाठबळ मिळते. म्हणजे पाच वर्षांतून किमान एकदा तरी प्रत्येक संस्थेला जुनी आवृत्ती सोडून नवी स्वीकारावी लागते. या आवृत्तिबदलासाठी साठवणुकीची जागा किती लागेल व ती कोठे लागेल, या प्रश्नाविषयी मार्गदर्शिका काय सांगते आणि काय सांगावयाचे राहून जाते, हे पाहणे हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. त्याचे मुख्य प्रतिपादन असे की, आवृत्तिबदलासाठी जी जागा मागितली जाते ती वस्तुतः नव्या आवृत्तीची जागा नसते, ती जुन्या आवृत्तीकडे परत येण्याची किंमत असते. मार्गदर्शिकेने जागेचा हिशेब पुढे जाण्याच्या दृष्टीने मांडला आहे, आणि तिचे गुण व दोष हे दोन्ही या एका गोष्टीतून उद्भवले आहेत.

२

प्रथम ग्रंथाचे म्हणणे नीट पाहिले पाहिजे. गौण आवृत्ती बदलताना केवळ कार्यक्रमाच्या फाइली बदलून भागते, डेटाला हात लावावा लागत नाही. मुख्य आवृत्तीच्या बाबतीत साठवणुकीचे अंतर्गत स्वरूप बदलण्याचा संभव असल्याने मार्गदर्शिकेने तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग, सर्व डेटा आज्ञांच्या रूपाने बाहेर काढून नव्या सर्व्हरात पुन्हा भरण्याचा. दुसरा, ‘पीजी-अपग्रेड’ या साधनाचा. तिसरा, नव्या आवृत्तीचा सर्व्हर शेजारी उभा करून जुन्या सर्व्हरातील बदल त्याच्याकडे सतत पाठवीत राहण्याचा, म्हणजे प्रतिकृतीचा.

यांपैकी दुसऱ्या मार्गानेच आज बहुतेकांचे काम चालते. पूर्वी ‘पीजी-मायग्रेटर’ या नावाने स्वतंत्रपणे मिळणारे हे साधन २०१० च्या ९.० या आवृत्तीपासून पोस्टग्रेसबरोबर येऊ लागले. त्यामागील कल्पना साधी, पण मोठी चतुर आहे. नव्या आवृत्तीत बदलतात ती बहुधा प्रणालीची स्वतःची कोष्टके. वापरकर्त्याच्या डेटाचे फाइलीतील स्वरूप क्वचितच बदलते. तेव्हा प्रणालीची कोष्टके नव्याने तयार करावीत आणि डेटाच्या फाइली जशाच्या तशा नव्या घरी न्याव्यात, एवढेच हे साधन करते.

न्याव्यात, पण कशा? जागेचा सारा प्रश्न या ‘कशा’मध्ये आहे. मूळ रीत नकलेची : प्रत्येक फाइलीची दुसरी प्रत करावयाची. दुसरी रीत ‘लिंक’ची. युनिक्स-परंपरेतील फाइलव्यवस्थेत फाइलीचे नाव व फाइलीचा मजकूर या दोन वेगळ्या वस्तू असून एकाच मजकुराला दोन नावे देता येतात. लिंक-पद्धतीत नव्या संचाला डेटाची प्रत मिळत नाही, त्याच मजकुराला दुसरे नाव मिळते. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत ‘क्लोन’ ही तिसरी रीत आली. हिच्यात दोन्ही फाइली आरंभी डिस्कवरील तेच खंड वाटून घेतात, आणि पुढे ज्या खंडात बदल होईल तेवढ्याचीच वेगळी प्रत होते. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत ‘स्वॅप’ ही आणखी एक रीत आली असून तीत जुन्या संचाच्या डेटा-डिरेक्टऱ्याच उचलून नव्या संचात ठेवल्या जातात.

या रीतींची तुलना करताना मार्गदर्शिकेची मोजपट्टी प्राधान्याने वेगाची आहे. लिंक-पद्धत पुष्कळ जलद आहे व तिला जागा कमी लागते. मात्र नवा संच एकदा सुरू केला की जुना वापरता येत नाही, असा तिचा आशय आहे. यात असत्य काहीही नाही. किंबहुना धोक्याचे विधान लपवून न ठेवता लाभाच्या विधानाला लागूनच केले आहे, हा या लेखनाचा प्रामाणिकपणा होय. परंतु वाक्यरचनेत लाभ प्रधान आहे आणि धोका ‘मात्र’ने जोडलेला आहे. घाईत असलेला वाचक प्रधान वाक्य उचलतो व ‘मात्र’ मागे ठेवतो.

३

हीच सामग्री वेगाऐवजी परतीच्या क्रमाने लावून पाहिली, तर चित्र पार बदलते. नकल-पद्धतीत जुना संच अस्पर्श राहतो. तो केव्हाही पुन्हा सुरू करता येतो. क्लोन-पद्धतीतही तसेच. लिंक-पद्धतीत परतीची वाट काही काळ उघडी असते. दुवे जोडण्यास आरंभ होताच साधन जुन्या संचातील ‘पीजी-कंट्रोल’ या फाइलीच्या नावाला ‘ओल्ड’ हा प्रत्यय लावते, जेणेकरून जुना सर्व्हर चुकून सुरू होऊ नये. नवा सर्व्हर अद्याप सुरू केला नसेल, तर तो प्रत्यय काढून टाकला की जुना संच पूर्ववत चालतो. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, म्हणजे त्याने सामाईक फाइलींवर लिहिलेले असते, आणि मग बॅकअपखेरीज उपाय उरत नाही. स्वॅप-पद्धतीत ही मर्यादारेषा आणखी अलीकडे सरकते : फाइलींचे स्थलांतर सुरू होताच जुना संच निकामी होतो.

म्हणजे रीती जसजशा जलद व जागेच्या बाबतीत काटकसरी होत गेल्या, तसतशी, क्लोनचा एक अपवाद सोडता, परतीची रेषा जवळ येत गेली. ही सर्व माहिती मार्गदर्शिकेत आहे. तथापि ती ‘जुन्या आवृत्तीकडे परत जाणे’ या, कृतीच्या पायऱ्यांमधील अगदी अखेरच्या पायरीत आहे. ज्या गोष्टीवर रीतीची निवड अवलंबून असावयास हवी, ती गोष्ट निवड करून झाल्यावर वाचकासमोर येते. हा या विवेचनाच्या रचनेतील सर्वांत गंभीर दोष म्हणावा लागेल.

एका काल्पनिक उदाहरणाने हा दोष कसा नडतो ते स्पष्ट होईल. एका परीक्षा-विभागाच्या सर्व्हरावर १,००० गिगाबाइटांची डिस्क आहे आणि डेटा ७०० गिगाबाइटांचा आहे असे समजू. फाइलव्यवस्था ‘एक्स्ट-फोर’ असल्यास तिच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे सुमारे पाच टक्के जागा प्रशासक-खात्यासाठी राखीव असते. म्हणजे पोस्टग्रेसला वापरता येण्याजोगी मोकळी जागा २५० गिगाबाइटांहून अधिक नाही. नकल-पद्धत अशक्य ठरली. लिंक-पद्धतीने काम काही मिनिटांत होते आणि जागेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तीन दिवसांनी असे आढळते की, एक महत्त्वाची प्रश्नाज्ञा नव्या आवृत्तीत पूर्वीसारखी चालत नाही व परत फिरणे भाग आहे. आता ७०० गिगाबाइटांचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर असला पाहिजे. तो असला तरी नव्या संचाच्या शेजारी तो उतरवून घेण्यास या डिस्कवर जागा नाही. जुना संच परत आणावयाचा तर नवा आधी पुसला पाहिजे, आणि नव्यात तीन दिवसांत भरलेले गुण आहेत. जागा वाचली असे जे वाटले होते ते खरे नव्हते. ती मागण्याची वेळ तेवढी पुढे ढकलली गेली होती, आणि ती सर्वांत वाईट वेळी आली.

यास्तव लिंक-पद्धतीचा जागेचा हिशेब ‘जवळजवळ शून्य’ असा मांडणे हे अर्धे गणित आहे. पूर्ण गणितात अन्यत्र ठेवलेला बॅकअप आणि तो उतरवून पाहण्यासाठी लागणारी मोकळी जागा, या दोहोंचा समावेश झाला पाहिजे. हे गणित ज्यांनी पुरते ओळखले त्यांचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. गिटलॅब या संस्थेने मे २०२० मध्ये आपला मुख्य संग्रह ९.६ वरून ११ व्या आवृत्तीवर नेला, तेव्हा समूहातील काही सर्व्हर मुद्दाम जुन्या आवृत्तीवरच राखून ठेवले होते. परतीची किंमत तेथे गिगाबाइटांत नव्हे, अख्ख्या यंत्रांच्या रूपाने मोजली गेली.

४

दुसरा आक्षेप विखुरलेपणाचा आहे. जागेविषयीचे ज्ञान या ग्रंथात पुरेसे आहे, पण ते एका ठिकाणी नाही. याचे उत्तम उदाहरण डेटा-डिरेक्टरीच्या स्थानाविषयीच्या उपदेशाचे आहे. लिंक-पद्धतीसाठी जुनी व नवी डिरेक्टरी एकाच फाइलव्यवस्थेत असावी लागते. आता, स्वतंत्र डिस्क ज्या ठिकाणी जोडली गेली तो जोडबिंदूच जर कोणी डेटा-डिरेक्टरी म्हणून वापरला असेल, तर त्याच डिस्कवर नवी डिरेक्टरी शेजारी करावयास सोयीची जागाच उरत नाही. मार्गदर्शिकेला याची जाणीव आहे. जोडबिंदूच्या आत एक डिरेक्टरी करून तिच्या आत डेटा ठेवावा, असा सल्ला पीजी-अपग्रेडचा उल्लेख करून तिने दिला आहे. परंतु तो नवा संच प्रथम निर्माण करण्याच्या प्रकरणात आहे. पाच वर्षांनी आवृत्तिबदलाचे प्रकरण उघडणाऱ्यास तो तेथे भेटत नाही. आणि संच निर्माण करण्याच्या दिवशी ज्याने ते प्रकरण वाचले, त्याला आवृत्तिबदलाची चिंता नव्हती.

टेबलस्पेसची गोष्टही अशीच. एखादी संस्था मोठी कोष्टके वेगळ्या डिस्कवर ठेवते. आवृत्तिबदलात त्यांच्या नव्या फाइली त्याच टेबलस्पेसच्या स्थानी, नव्या आवृत्तीच्या नावाच्या उपडिरेक्टरीत जातात. म्हणून नकल-पद्धतीत प्रत्येक स्थळी त्या त्या स्थळाच्या डेटाएवढी जागा स्वतंत्रपणे मोकळी हवी. मुख्य डिस्कवरील ५०० गिगाबाइटांची मोकळीक टेबलस्पेसच्या भरलेल्या डिस्कच्या उपयोगी पडत नाही. एकूण मोकळी जागा ही संख्या नियोजनात दिशाभूल करणारी असते. हिशेब स्थळागणिक झाला पाहिजे.

प्रतिकृतीच्या मार्गातही हेच दिसते. नवा सर्व्हर मागे पडला तर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या बदलांच्या पूर्वनोंदी जुन्या सर्व्हरावर साचत जातात. त्यांना मर्यादा घालण्याची सोय २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून आहे, पण मूळ मांडणीत मर्यादा नाही. या नोंदींची डिस्क भरली तर सर्व्हर तातडीने बंद पडू शकतो. पूर्ण झालेले व्यवहार नष्ट होत नाहीत, तथापि जागा मोकळी होईपर्यंत सेवा थांबते. हे सर्व ग्रंथात आहे, परंतु प्रतिकृती, मांडणीची परिमाणे आणि डिस्कवरील देखरेख अशा वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेले. म्हणजे हा मार्ग पत्करणाऱ्याला नव्या यंत्रावर डेटाएवढी जागा व जुन्या यंत्रावर साचणाऱ्या नोंदींची जागा, असा दुहेरी हिशेब हवा, हे कोणत्याही एका पानावरून कळत नाही.

‘चेक’ या पूर्वतपासणीचाही येथे उल्लेख अवश्य आहे. प्रत्यक्ष बदल न करता दोन्ही संच परस्परांशी जुळतात की नाही, हे ती पाहते. ही सोय मोलाची आहे; पण तिच्यात मोकळ्या जागेचे मोजमाप नाही. ‘जुळतात’ असा निर्वाळा मिळाल्यावर काम निर्विघ्न पार पडेल असे जो समजेल, त्याची नक्कल निम्म्यावर जागेअभावी थांबू शकते.

५

क्लोन-पद्धतीविषयी थोडे अधिक लिहिणे इष्ट आहे, कारण ती सर्व गुणांचा समुच्चय म्हणून पुढे येते. वेग लिंकचा, सुरक्षितता नकलेची. पण तिला फाइलव्यवस्थेचे पाठबळ लागते. लिनक्सवर ‘बीटीआरएफएस’ आणि सामाईक खंडांची सोय ठेवून निर्माण केलेली ‘एक्सएफएस’ यांवर ती चालते. एक्स्ट-फोरवर चालत नाही. एक्सएफएस निर्माण करताना ही सोय ठेवली नसेल, तर ती मागाहून घालता येत नाही. म्हणजे आजची निवड पाच-सात वर्षांपूर्वी, डिस्क प्रथम तयार करणाऱ्या माणसाने, बहुधा नकळत, करून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट अशी की, क्लोनने वाचवलेली जागा ही उधारीची जागा आहे. पहिल्या दिवशी दोन्ही संच मिळून एकाच संचाएवढी जागा व्यापतात. नव्या संचात जसजसे लिहिले जाते, तसतसे खंड वेगळे होत जातात आणि जुन्याचे मूळ खंड मोकळे होत नाहीत. नेहमीची साफसफाई, अनुक्रमणिकांची पुनर्बांधणी, जुन्या ओळी गोठवण्याचे काम, या सर्वांनी कर्ज वाढत जाते. ते वाढत वाढत नकल-पद्धतीच्या जागेपर्यंत पोहोचू शकते. त्यातच फाइलींचे आकारमान मोजणारी ‘डीयू’ ही आज्ञा सामाईक खंड दोन्हीकडे धरते, तर डिस्कची शिल्लक सांगणारी ‘डीएफ’ ते एकदाच धरते. दोन आज्ञांची दोन उत्तरे पाहून व्यवस्थापक गोंधळला तर नवल नाही. मार्गदर्शिकेने क्लोनचा जागेचा लाभ सांगितला आहे. या उधारीच्या फेडीचे विवेचन मात्र तिने केलेले नाही.

बदलानंतरच्या कामांचेही असेच आहे. १३ व्या आवृत्तीत बी-ट्री अनुक्रमणिकांमधील पुनरावृत्त किल्ल्या एकत्र साठवून जागा वाचवण्याची सुधारणा झाली. परंतु पीजी-अपग्रेडने आणलेल्या जुन्या अनुक्रमणिकांना ती आपोआप लागू होत नाही. त्या पुन्हा बांधाव्या लागतात. व्यवहार चालू ठेवून बांधावयाच्या तर बांधणी पुरी होईपर्यंत जुनी व नवी अनुक्रमणिका एकाच वेळी डिस्कवर असते, शिवाय वर्गवारीसाठी तात्पुरत्या फाइली लागतात. म्हणजे जागा वाचवण्यासाठीही आधी जागा असावी लागते. ज्याने आवृत्तिबदलात शेवटचा गिगाबाइट वापरला, त्याला या सुधारणेचा लाभ घेता येत नाही.

६

अन्य प्रणालींशी तुलना केल्यास हे मूल्यमापन अधिक न्याय्य होईल. मायएसक्यूएलची भूमिका रोखठोक आहे. ५.७ वरून ८.० वर जागच्या जागी गेलेल्यास मागे येता येत नाही. आधी घेतलेला बॅकअप हाच एक आधार, असे ती स्पष्ट सांगते. निवडच नसल्याने संभ्रमही नाही. ऑरॅकलने परतीचे स्थान आवृत्तिबदलाच्या योजनेतच गोवले आहे. तिच्या पूर्वतपासणीत प्रणालीच्या टेबलस्पेसना किमान किती जागा हवी याचा अंदाज मिळतो. बदलापूर्वी हमीचा परतबिंदू नोंदवता येतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदी पुनःप्राप्तीच्या राखीव क्षेत्रात साठतात. ही हमी फुकट मिळत नाही : परतबिंदू काढून टाकेपर्यंत त्या नोंदी पुसल्या जात नाहीत, आणि क्षेत्र भरले तर संग्रहाचे काम अडते. शिवाय ‘कम्पॅटिबल’ हे परिमाण एकदा वर नेले की परतीचे दार बंद होते. तथापि परतीला स्वतःचे नाव, स्वतःचे क्षेत्र व स्वतःची मर्यादा आहे. ती हिशेबात धरण्याजोगी वस्तू झाली आहे. पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेत उणीव आहे ती एवढ्याचीच. साधनाच्या क्षमतेत ती कमी नाही. क्षमतेची किंमत एका ठिकाणी मांडण्यात ती कमी पडते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आज डिस्क स्वस्त आहे, भाड्याच्या यंत्रांवर ती हवी तेव्हा वाढवता येते, मग एवढा काथ्याकूट कशाला? वाढवता येते हे खरे. पण प्रचलित भाड्याच्या सेवांपैकी ॲमेझॉनच्या डिस्क-सेवेत वाढवलेली डिस्क पुन्हा लहान करता येत नाही. आठवड्याच्या गरजेसाठी वाढवलेल्या जागेचे भाडे, डेटा दुसरीकडे हलवीपर्यंत, चालूच राहते. शिवाय ज्या शिक्षणसंस्थांत यंत्र विकत घेऊन ठेवलेले असते, तेथे नवी डिस्क म्हणजे दरपत्रके, मंजुरी व प्रतीक्षा. तेथे जागेचा आकडा सहा महिने आधी ठरला पाहिजे.

७

मग पूर्ण हिशेब कसा असावा? मार्गदर्शिकेच्या विखुरलेल्या विधानांतून तो असा उभा करता येतो. प्रत्येक स्थळी जुन्या डेटाएवढी जागा. निरीक्षणाच्या काळात नव्या संचात होणारी वाढ. सर्वांत मोठी अनुक्रमणिका पुन्हा बांधण्यापुरती मोकळीक. साचणाऱ्या पूर्वनोंदींची कमाल मर्यादा. आणि निराळ्या यंत्रावर बॅकअप व तो उतरवून पाहण्याची जागा. लिंक किंवा स्वॅप यांनी पहिली रक्कम वगळली, तर शेवटची अनिवार्य होते. नकलेने पहिली भरली, तरी शेवटची टळत नाही. तिची घाई तेवढी कमी होते.

यात ‘निरीक्षणाचा काळ’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. जुना संच केव्हा पुसावा, यावर मार्गदर्शिकेचे उत्तर समाधान झाल्यावर, असे आहे. समाधान ही मनाची अवस्था आहे, तिला दिवसांचे माप नाही. जागेला मात्र आहे. सात दिवस जुना संच ठेवावयाचा की महिनाअखेरीचे काम पार पडेपर्यंत, हे आधी लिहून ठेवले नाही, तर डिस्क भरू लागल्याची सूचना हेच समाधानाचे कारण ठरते, आणि परतीची वाट निर्णयाने नव्हे, टंचाईने बंद होते.

अखेरीस एक मर्यादा मान्य केली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे प्रतिपादन एकांगी होईल. जागेने परतीचा क्षण विकत घेता येतो. त्या क्षणानंतरचा काळ घेता येत नाही. नकल-पद्धतीने राखलेला जुना संच बदलाच्या रात्री जसा होता तसाच परत मिळतो. पुढच्या तीन दिवसांत नव्यात भरलेले गुण त्यात नसतात. ते परत न्यावयाचे तर नव्याकडून जुन्याकडे उलट प्रतिकृती चालू ठेवावी लागते, आणि ती योजना जागेहून अधिक श्रमाची व ज्ञानाची आहे. म्हणून निरीक्षणाचा काळ जितका लांबतो, तितके परतीचे मोल घटत जाते, जरी तिची जागा तितकीच राहते.

पोस्टग्रेसची मार्गदर्शिका सत्यनिष्ठ आहे, नेमकी आहे, आणि पुष्कळ अंशी उदारही आहे. तिने काही लपविलेले नाही. तिने एवढेच केले असते, की परतीची पायरी शेवटून उचलून आरंभी आणली असती व प्रत्येक रीतीसमोर तिची परतीची रेषा आणि त्या रेषेची जागेतील किंमत लिहिली असती, तर वेगाच्या मोहाने निवड करणाऱ्या वाचकाला निवडीपूर्वीच थांबावे लागले असते. ते होईपर्यंत व्यवस्थापकाने ते प्रकरण शेवटाकडून आरंभाकडे वाचावे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित पाठ होय.